आधी बस, मग पाणी

फरीदाबादच्या आमच्या घरमालकिणीबद्दल लिही म्हणून माझी लेक कितीतरी दिवस मागे लागली होती. मी म्हणायचे, अगं, तिच्याबद्दल लिहायचं तर हेल्मेट घालूनच बसायला हवं. लेकीला वाटलं मी गंमत करतेय. पण मी त्या बाईला पहिल्यांदा पाहिलं ते हेल्मेटमध्येच. एप्रिल संपत आला होता, आम्ही वरच्या मजल्यावरच्या खोल्या बघायला गेलो होतो. ह्यांनी बेल दाबली, दार उघडलं आणि समोर एक पांढरं हेल्मेट. खाली सुती सलवार, वर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. हे दोन पावलं मागेच सरले. हेल्मेटातून आवाज आला, "मराठी ना? फोनवर सांगितलं होतंत. मग उन्हात का उभे? या आत. आधी बसा, पाणी नंतर."

आणि खरंच, पाणी नंतरच दिलं. आम्ही पंख्याखाली घाम पुसत बसलो, ती समोर बसून आमच्याकडे बघत राहिली. पोळी फुगायची वाट बघावी तशी. बऱ्याच वेळानं उठली, वाटीत गुळाचे खडे आणले, मग माठातलं पाणी. "उन्हातून आलेल्या माणसाला लगेच पाणी दिलं की ते बाधतं," म्हणाली. "माझी आई ग्वाल्हेरची. तिच्याकडे जावयालासुद्धा सूट नव्हती."

मी तिला पहिल्या दिवसापासून ताई म्हणाले. गल्लीतले लोक स्कूटरवाली आंटी म्हणायचे. वय विचारलं तर सांगायची, "पेन्शन लागून बरेच दिवस झाले, एवढं पुरे."

तिची ती स्कूटर म्हणजे इलेक्ट्रिक, बॅटरीची. आकाशी रंगाची. नवरा गेल्यावर दोन वर्षांनी तिनं ती घेतली, आणि घेण्याआधी कुणालाही विचारलं नाही. तोवर ती जन्मभर मागच्या सीटवर बसली होती. दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावर तिचं ऑफिस, नवऱ्याचं जवळच दुसरं. दोघं केंद्र सरकारचे. रोज त्याच्या स्कूटरवर साडी सावरत एका बाजूला दोन्ही पाय सोडून बसायची. मला एकदा म्हणाली, "तुला सांगते, तसं बसलं ना की फक्त डावी बाजू दिसते. सगळा संसार झाला, रिटायर झाले, पण मी दिल्ली पाहिली ती डावीकडची. उजवी दिल्ली मी पहिल्यांदा पाहिली ती माझ्या गाडीवरून. अच्छा, इकडेपण झाडं आहेत होय, असं झालं मला."

मी हसले, पण नंतर रात्री पडल्या पडल्या हिशेब केला. मीसुद्धा डावीकडचंच पाहिलं होतं.

आता कुणाला वाटेल, उन्हाळ्यात स्कूटर हिंडवणारी म्हणजे बेफिकीर बाई असणार. बिल्कुल नाही! इतकी भित्री बाई मी पाहिली नाही. फक्त तिची भीती जागच्या जागी होती. तिचं एक वाक्य होतं, दिवसातून एकदा तरी म्हणायचीच, "माणसानं आधी ठरवावं घाबरायचं कुणाला. मी माणसांना भीत नाही. मी उन्हाला भिते."

उन्हाला भिते म्हणजे कशी, तर सकाळी दूध यायच्या आधी बाहेर पडायची आणि ऊन चढायच्या आत गाडी घरात. दुपारी मंत्र्यानं जरी भेटायला बोलावलं असतं तरी गेली नसती. हेल्मेटाच्या आत नवऱ्याच्या धोतराचा मऊ तुकडा, रोज धुतलेला. हातभर बाह्या त्याच्याच शर्टाच्या. "तो असताना मागे बसून त्याच्या शर्टाला धरायचे," म्हणायची, "आता शर्टानं मला धरलंय." बाटलीत पन्हं. टायरातली हवा सकाळी गार असताना बघायची. तापल्या टायरात हवा बघणं म्हणजे ताप उतरायच्या आधी वजन करणं, असं तिचं मत. डांबर पातळ झालेलं दिसलं की वेग इतका कमी करायची की मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकायचे. ती सिग्नलला काच खाली करायला लावून एकेकाला सांगायची, "भैया, हॉर्न से ठंडक नहीं होती!"

आणि गाडीची सावली! दारात एक कडुनिंब होता. त्याची सावली सकाळी भिंतीकडे, मग फाटकाकडे, मग रस्त्याकडे सरकायची. ताई तिच्यामागोमाग गाडी सरकवायची. दिवसातून किती वेळा, ते देव जाणे. मी वरून विचारायचे, "काय ताई, कुठे?" तर म्हणायची, "सावलीची बदली झाली गं. आपल्यालाही जावं लागतं."

समोर एक रिटायर्ड कर्नल राहायचे. भलीमोठी गाडी. एकदा त्यांनी ती बरोबर निंबाखाली लावली. ताई फाटकातून बाहेर आली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. कर्नलसाहेब म्हणाले, "मॅडम, पेड़ तो सरकारी है।"

"मैं भी सरकारी हूँ," ताई म्हणाली. "रिटायर्ड. आपकी गाडी में एसी है कर्नलसाब. मेरी गाडी का एसी यही पेड़ है. हटाइए."

युद्धं पाहिलेला माणूस. मुकाट्यानं गाडी काढली. नंतर तर ते रोज सकाळी फिरायला जाताना तिला सलाम करायचे. थट्टेनं सुरुवात झाली असेल, मग सवय झाली.

पण ही सगळी शिस्त काही आकाशातून पडली नव्हती. पहिल्याच उन्हाळ्यात ताईनं असा एक घोळ घातला होता की आपल्याच लोकांनी घालावा. आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. ती मंडईतून आली, गाडी तापलेली. तिची बॅटरी सुटी निघायची, चांगली जड, वर कडी असलेली, डब्यासारखी. ताईनं ती काढली, हात लावून पाहिला, आणि तिला दया आली. व्हरांड्यात माठ होता, त्याला नेहमीसारखा ओला पंचा गुंडाळलेला. तिनं दुसरा पंचा भिजवला, पिळलासुद्धा नाही नीट, आणि बॅटरीला गुंडाळून माठाशेजारी ठेवून दिली. मी खाली आले तर दोघं शेजारी शेजारी बसलेले, ओले पंचे नेसून, जसे काही आंघोळ करून संध्येला बसलेत.

"ताई, हे काय?"

"गार होतेय."

"अहो, पण विजेची वस्तू ना ती?"

ताई थांबली. पंच्याकडे पाहिलं, बॅटरीकडे पाहिलं. "अगं बाई," म्हणाली. बस, एवढंच. मग सरळ शोरूमला फोन. तिकडून तो माणूस ओरडला ते मलाही ऐकू आलं, "आंटीजी, वो मटका नहीं है! चार्ज पर मत लगाना!" नशीब, लावली नव्हती. ते लोक येऊन बॅटरी घेऊन गेले, पाणी शिरलेलं होतं, काही भाग बदलावे लागले.

दुसरी कुणी असती तर ही गोष्ट पोटात ठेवली असती. ताई सगळ्यांना सांगत सुटली. भाजीवाल्याला, डॉक्टरांना, महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात तर हातवारे करून. "चूक लपवली की ती पुन्हा करायला परत येते," म्हणायची. आणि त्याच आठवड्यात तिनं गाडीबरोबर आलेलं पुस्तक काढलं. सरकारी ऑफिसात जन्म गेलेला, तिला परिपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची सवय. व्हरांड्यात खुर्ची टाकून मोठ्यानं वाचायची, चष्मा नाकावर, आणि वाचता वाचता त्याचं मराठी करायची. पुस्तकात होतं, गाडी चालवून आल्यावर बॅटरी थंड होऊ द्यावी, मगच चार्जिंगला लावावी. ताईनं पुस्तक मिटलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू हरवलेलं माणूस सापडलं.

"हे तर आईचंच! उन्हातून आल्याआल्या पाणी नाही. आधी बस!"

तेव्हापासून ती बॅटरीसुद्धा त्या घरातली झाली. बाहेरून आली की व्हरांड्याच्या आतल्या कोपऱ्यात, कोरड्या फरशीवर, पंख्याच्या वाऱ्यात "बसायची". चार्जिंग संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. स्वयंपाकघरात नाही, गॅसजवळ नाही, गादीवर तर नाहीच. आणि लावून झोपायचं नाही. ताई शेजारी खुर्ची टाकून बसायची. मी म्हणाले, "एवढं काय बसायचं?" तर म्हणाली, "दूध गॅसवर ठेवून तू झोपतेस?"

आता मुलाचं सांगते, कारण खरं रामायण तिथंच झालं.

तिचा एकुलता एक मुलगा पुण्याला, कंप्यूटरच्या कंपनीत. गुणी पोरगा हो. रोज फोन करायचा. वडील गेले तेव्हा तो परदेशात होता, पोचायला त्याला दोन दिवस लागले, आणि ते दोन दिवस त्याच्या मनातून गेलेच नव्हते. मे महिन्यात सुट्टी काढून आला. रात्री जेवायला मलाही खाली बोलावलं होतं, हे टूरवर गेले होते. ताईनं कैरीची डाळ केली होती, खुशीत होती, आणि खुशीत आली की तिला तिच्या चुका सांगायला आवडायच्या. सांगितली की माठाची गोष्ट! पंच्यासकट. मी हसून हसून बेजार. पाहते तर मुलाचा घास हातातच.

"आई, म्हणजे स्फोट झाला असता."

"झाला नाही ना."

"आई, मी व्हिडिओ बघतो रोज. गाड्या पेटतात. तू एकटी राहतेस इथं. या वयात, या उन्हात—"

"उन्हात नाही. उन्हाच्या आधी."

"विकून टाकू ती. मी कॅब लावून देतो तुला महिन्याची."

ताई म्हणाली, "डाळ घे," आणि विषय संपला. असं आम्हाला वाटलं.

तो गेल्यावर दुसऱ्या संध्याकाळी ताईची हाक आली. वर ऐकू येईल अशी हाक ती कधी मारायची नाही. मी धावले. ती व्हरांड्यात उभी, खुंटीकडे बघत. त्या खुंटीवर गाडीचा चार्जर असायचा. मुलगा तो बॅगेत घालून पुण्याला घेऊन गेला होता! फोन केला तर म्हणाला, "हो, नेलाय. तू रागाव, चालेल. मला झोप तरी लागेल."

मला वाटलं आता ही रडेल, नाहीतर भांडेल. तिनं फोन ठेवला आणि खुर्ची ओढून बसली. मी म्हणाले, "ताई, शोरूममधून नवा आणा. ह्यांना सांगते, जाऊन येतील."

"नवा आणीन की. पेन्शन आहे मला. पण मग तो म्हणेल, आईनं गुपचूप आणला. मी माझ्या गाडीसाठी गुपचूप काय म्हणून वागू? ज्यानं नेला त्याच्याच हातानं परत यायला पाहिजे."

मागच्या गल्लीत एकाकडे दुसऱ्या कंपनीची तशीच गाडी होती. तो बिचारा आपला चार्जर घेऊन आला, "आंटीजी, इससे काम चला लो।" पिन बसतही होती म्हणे. ताईनं चहा पाजून परत पाठवला. मला म्हणाली, "दुसऱ्याचा चष्मा लावून सुई ओवायची नसते. तेही या गरमीत." पाहा, पोराशी भांडण चाललंय, गाडी बंद पडायला आलीय, तरी नियम तो नियम. भीती जागच्या जागी.

बॅटरीत थोडी वीज उरली होती. तीही तिनं वापरायची नाही असं ठरवलं. "पुरती उपाशी ठेवली की मरते ती. राहू दे पोटात थोडं."

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मी गॅलरीत आले तर ताई फाटकातून बाहेर पडत होती. डोक्यावर हेल्मेट, पट्टा घट्ट लावलेला, नवऱ्याचा शर्ट, हँडलला पिशवी. आणि गाडी हातानं ढकलत! चालत! मंडई काही फार लांब नव्हती, रस्ता सपाट, पण ती गाडी काय हलकी असते? मी वरून ओरडले, "ताई, अहो, गाडी राहू द्या घरी! पिशवी घेऊन जा नुसती!"

"गाडी फिरायला जाते रोज," ताई म्हणाली. "तिची सवय मोडणार नाही मी."

"मग हेल्मेट कशाला?"

"गाडीबरोबर हेल्मेट."

रोज हेच चाललं. सगळं सेक्टर बघायचं. लोक विचारायचे, "क्या हुआ आंटीजी, पंचर?" ती अजिबात लाजायची नाही. उलट थांबून, सावली बघून, नीट सांगायची. "नहीं जी. बेटा चार्जर पुणे ले गया. उसको डर लगता है." रागानं नाही हं सांगायची. पोराला गोवर आलाय, हे जसं सांगावं, तसं. कर्नलसाहेब ढकलायला हात लावू लागले तर म्हणाली, "हाथ मत लगाइए. आप सिर्फ़ सलाम कीजिए." त्यांनी केला. मी सांगते, त्या दिवशी त्यात थट्टा नव्हती.

मला मात्र धास्ती. जून लागला होता, पहाटेसुद्धा भिंती गरम असायच्या. ती घरी यायची तर चेहरा लाल, शर्ट पाठीला चिकटलेला. येऊन बसायची, गूळ, मग पाणी. एकदा मी बोलले, "ताई, तुम्हाला काही झालं तर?" तर माझ्यावर नजर रोखून म्हणाली, "गाडी काढून घेतली तर मला काय होईल, ते कुणी विचारलं? मी पुन्हा डावीकडचं बघत बसू?"

त्याच संध्याकाळी मुलाचा मला फोन आला. "काकू, आई फोनवर धड बोलत नाही. ठीक आहे ना?"

मी म्हणाले, "ठीक आहे रे. गाडी ढकलतेय."

"म्हणजे?"

सांगितलं सगळं.  

दुसऱ्याच दिवशी आला. मी खाली ताईकडे गहू निवडत बसले होते, पडदे ओढलेले, बाहेर लूच्या गरम झळा चाललेल्या, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. गल्लीचं तोंड पाइपसाठी खणून ठेवलेलं, टॅक्सीवाल्यानं त्याला मोठ्या रस्त्यालाच सोडलं, तिथून तो चालत आला, टोपी नाही, छत्री नाही. दारात उभा राहिला तर ओळखू येईना. टोमॅटोसारखा झालेला. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात तो चार्जर.

"आई, पाणी."

ताई उठली. मला वाटलं धावेल. तिनं त्याच्या हातातली बॅग घेतली, खांद्याला धरून त्याला खुर्चीत बसवलं, पंखा वाढवला. "आधी बस."

"आई, अगं पाणी दे ना."

"गरम आहेस. बस."

चार्जरही तिनं त्याच्याकडून घेतला. हात लावून पाहिला, तोही उन्हानं चटके देत होता. पंख्याच्या वाऱ्यात टेबलावर ठेवला. "याला पण जरा टेकू दे."

तो बसला.  पंख्याचा आवाज, आणि त्याचा श्वास हळूहळू खाली येत होता तो. मग ताईनं गूळ दिला, पाणी दिलं, दुसरा पेला दिला. त्याच्या कपाळावरचा घाम पदरानं पुसायला गेली आणि लक्षात आलं की पदर नाही, शर्ट आहे. बाहीनं पुसला. त्याच्या बापाच्या.

"आता बोल," म्हणाली.

"आई, मला भीती वाटते गं. एक दिवस फोन येईल आणि मी पुन्हा पोचणार नाही."

"मलाही वाटते भीती. म्हणून तर मी बारा वाजता घराबाहेर पडत नाही." ताई त्याच्यासमोर बसली. "तू पडलास."

 त्याला हसूही येत होतं आणि डोळेही भरले होते, पोरांचं होतं ना तसं. मग म्हणाला, "बरं, मला प्रॉमिस कर की—"

"प्रॉमिस वगैरे काही नाही. मी काही गुन्हा केलेला नाही. पुस्तक ऐक." आणि खरंच चष्मा लावून पुस्तक काढलं! पहिल्या पानापासून. मी गहू घेऊन हळूच वर निघून आले. ऊन उतरल्यावर पाहिलं तर मायलेक व्हरांड्यात दोन खुर्च्या टाकून बसलेले, मधे बॅटरी, चार्जरचा दिवा लागलेला. दोघांचं लक्ष तिच्यावर. दूध तापत ठेवल्यासारखं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती त्याला मागे बसवून लांब फिरायला घेऊन गेली. त्याच्यासाठी नवऱ्याचं जुनं हेल्मेट काढलं. पुढचं मला कर्नलसाहेबांनी सांगितलं आणि नंतर त्या दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण तिघांचं जुळतं. रेल्वेच्या पुलाचा चढ आला तशी ताईनं गाडी कडेला घेतली आणि म्हणाली, "उतर. उन्हाळ्यात चढावर दोघांचं ओझं घालत नाही मी तिच्यावर. चालत ये." आणि गेली निघून. पुण्याचा इंजिनियर, डोक्यात हेल्मेट, पुलावरून चालतोय. कर्नलसाहेब समोरून येत होते. त्यांनी विचारलं, "बेटा, गाडी कहाँ है?"

तो म्हणाला, "आगे है अंकल. आई ले गई।"

पुलापलीकडे पिंपळाच्या सावलीत ती गाडी लावून थांबली होती, पन्ह्याची बाटली काढून. तो आला, धापा टाकत. थोडा बसला. प्याला. मग उठून हँडलला हात घातला, म्हणाला, "दे आई, आता मी चालवतो."

ताईनं हेल्मेटाचा पट्टा लावला, शर्टाच्या बाह्या खाली ओढल्या.

"मागं बस," म्हणाली. "आणि उजवीकडे बघत चल जरा. तुझ्या बापानं मला कधी दाखवली नाही ती बाजू."